वेटोळ्याची बखर

तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका गॅरेजमध्ये गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात टेबलावर दोन स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक कंपनीची, काळी, चिखलाने माखलेली. तिच्या मधल्या वेढ्यावर पिवळ्या आणि पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके. दुसरी नवी, निळी, तिच्याहून बोटभर उंच. नेरुळच्या माझ्या मित्राची महिंद्रा थार मागे जॅकवर उभी होती आणि तो खोक्यावर छापलेले इंच वाचत होता. मिस्त्री काळी स्प्रिंग फडक्याने पुसत होते, पण ठिपक्यांपाशी त्यांचा हात हलका होई. मित्राने पेट्रोलमध्ये भिजवलेले फडके पुढे केले तसे ते म्हणाले, "ठिपके राहू द्या दादा. कुठल्या वजनाची स्प्रिंग, डावी की उजवी, ते त्यावरूनच कळतं." मग त्यांनी विचारले, "गाडी किती उचलायची ते मागाहून बघू. पुढे वजन किती वाढवलंय?" मित्राकडे उत्तर नव्हते. मला मात्र त्या प्रश्नाने धरून ठेवले, कारण तो प्रश्न साडेतीनशे वर्षे जुना आहे. आपण त्याच्या मागे मागे जाऊ.

सुरुवात शब्दापासून करावी लागेल. ट्रकच्या चाकावर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांना आपण कमान म्हणतो, पाटे म्हणतो. कमान हा फारसी शब्द, मूळ अर्थ धनुष्य. आपल्या तीरकमानीतला तोच. वाकवलेली पट्टी सरळ होऊ पाहते आणि भार झेलते, हे धनुष्याचेच काम. म्हणून शब्द अगदी नेमका बसला. कॉइल स्प्रिंगला मात्र गॅरेजात मराठी नाव मिळाले नाही. ती स्प्रिंगच राहिली. यात इतिहास दडलेला आहे: पाटे आपल्याकडे घोडागाडीबरोबर, लोहाराच्या ऐरणीवरून आले, तर वेटोळे आले यंत्राच्या पोटातून, तयार होऊन. बैलगाडीला दोन्ही नव्हते; तिचा आस थेट साटीखाली. इंग्लंडमध्ये ओबादाया इलियट याने १८०४ मध्ये घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले आणि त्याच घराण्यातले पाटे पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांखाली आले. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्या गाड्या बेकायदा ठरवल्या, तोवर गेटवेसमोर ते पाटे डोळ्यांना दिसत होते. पाट्यांचा एक गुण आपण लक्षात ठेवू, कारण पुढे तोच आडवा येणार आहे: पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घासण्यात गाडीची उसळी आपोआप विरते.

वेटोळ्याची कथा याहून जुनी, आणि मला विचाराल तर अधिक सुंदर आहे. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला १६७४ मध्ये. त्यानंतर चारच वर्षांनी, १६७८ मध्ये, लंडनमध्ये रॉबर्ट हुक याने एक छोटे पुस्तक छापले. आपला नियम त्याने दोन वर्षे आधी अक्षरांची उलटापालट करून, कोड्यात लपवून जाहीर केला होता. आता तो उघड सांगितला. जितका ताण तितके बळ. हे सिद्ध करण्यासाठी त्याने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. एकसारखी ओढलेली तार घेतली, ती दंडगोलावर हव्या तितक्या वेढ्यांनी गुंडाळली, एक टोक खिळ्याला अडकवले आणि खाली वजने टांगत गेला. दर वजनाला तार किती उतरते ते मोजले. दुप्पट वजन, दुप्पट उतार. आजही स्प्रिंगच्या यादीत जो आकडा छापतात, एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात, तो हुकच्या त्या खिळ्यावरचाच आकडा आहे. त्याने त्याच वेळी स्प्रिंगच्या वजनकाट्याचाही विचार मांडला होता. स्प्रिंग आणि वजन यांची गाठ अशी जन्मतःच पडलेली.

पोलादी वेटोळ्याचे पेटंट इंग्लंडमध्ये १७६३ मध्ये ट्रेडवेल नावाच्या गृहस्थाने घेतले, पण ते दाबले की आत नेमके काय होते हे कुणालाच उमगले नव्हते. किल्ली दोन टप्प्यांनी सापडली. फ्रान्सचा शार्ल कुलोम (विजेच्या भाराच्या एककाला ज्याचे नाव आहे तोच) १७८४ मध्ये तारा पिळून पाहत होता. त्याला आढळले की पिळाला होणारा विरोध तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर चढतो. जाडी दुप्पट केली तर विरोध सोळा पट. पुढे १८४८ मध्ये जेम्स थॉमसन याने, लॉर्ड केल्व्हिनच्या थोरल्या भावाने, दाखवून दिले की वेटोळे दाबले जाते तेव्हा त्याची तार खरे तर वाकत नाही, ती पिळली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला उंची कमी होताना दिसते, आत तार आपल्याच आसाभोवती वळत असते. म्हणजे कॉइल स्प्रिंग म्हणजे गुंडाळून ठेवलेला पिळाचा दांडा. पाठ्यपुस्तकांत थॉमसनला दोन ओळींवर जागा मिळत नाही, याचे मला वाईट वाटते. कारण त्याच्याशिवाय हुकचा नियम आणि कुलोमचा चौथा घात एका समीकरणात कधी आलेच नसते.

यादरम्यान आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली आणि पुढच्या शतकात रेल्वेने पाटे व वेटोळे दोन्ही वापरून पाहिले. ९ मे १९९२ पासून वाशीला लोकल येऊ लागली. फलाटाच्या टोकाशी उभे राहून समोरच्या रुळावरच्या डब्याखाली नजर टाकली, तर चाकाच्या दोन बाजूंना जाड पोलादी वेटोळी दिसतात. नवी मुंबईतली हजारो माणसे रोज त्यांच्यावर बसून कामाला जातात.

मोटारीचा मार्ग इतका सरळ नव्हता. अमेरिकेत १९०७ मध्ये ब्रश नावाची एक हलकी, स्वस्त गाडी निघाली; तिचे आस लाकडी होते आणि चारही चाकांवर वेटोळी होती. पण इतर कारखानदार तिच्या मागे गेले नाहीत. वेटोळ्यात घासायला काहीच नसते. एकदा उसळले की उसळतच राहते. त्याला आवर घालायला वेगळे साधन हवे, आणि ते अजून लहान होते. क्लीव्हलंडला गॅब्रिएल नावाचा कारखाना मोटारींचे भोंगे करी. त्याच्या मालकाने चामड्याच्या-कापडाच्या पट्ट्यांनी उसळी रोखणारे एक साधन काढले, त्यापाठोपाठ तेलाचे शॉक अॅब्सॉर्बर आले. त्याच नावाची कंपनी १९६१ मध्ये आपल्याकडे मुलुंडला उभी राहिली. ऐरोलीच्या पुलावरून खाडी ओलांडली की मुलुंड. नवी मुंबईच्या गॅरेजात ज्याला शॉकअप म्हणतात, त्याची एक शाखा इतक्या जवळ रुजली.

शॉकअप सुधारले आणि वेटोळे परतले. १९२२ च्या लान्चिया लाम्ब्डाने पुढची दोन चाके एकमेकांपासून मोकळी केली आणि त्यांना वेटोळी दिली. पण खरे वळण १९३४ चे. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेला मॉरिस ऑली हा इंग्रज अभियंता त्यामागे होता. त्याने एक मोठी लिमोझिन घेतली, तिला पुढेमागे सरकवता येतील अशी वजने लावली आणि वजनांची जागा व स्प्रिंगांचा कडकपणा बदलत तासन्‌तास गाडी चालवून पाहिली. त्यातून कळले की पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ असावी. पुढचे चाक खड्ड्यातून आधी जाते. त्याची डोल सावकाश असेल तर मागची डोल तिला गाठते आणि गाडी समतोल राहते. इतके मऊ पाटे पुढे बसवले तर स्टिअरिंग भरकटते. म्हणून दोन दांड्यांमध्ये (त्यांनाच विशबोन म्हणतात) धरलेले वेटोळे आले. हीच मांडणी घेऊन इटलीची फियाट ११०० कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात पोहोचली आणि पुढे पद्मिनी झाली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, तोवर मुंबईकराने पुढच्या सीटवर जे मऊपण अनुभवले ते ऑलीच्या सरकत्या वजनांतून आलेले होते.

जीपला मात्र हे मऊपण मानवणारे नव्हते. महिंद्राने १९४९ मध्ये विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला गाड्या जोडायला सुरुवात केली. चारही चाकांवर पाटे. ते तुटले तर घाटातला लोहारही जोडून देई. गाडी उंच करायची तर एक पाटा वाढवायचा, नाहीतर आहे त्याच पाट्यांना भट्टीत तापवून जास्त कमान द्यायची. निवड होती ती कारागिराच्या डोळ्यात आणि हातोड्यात. बाहेर जग बदलत होते: १९६५ मध्ये फोर्डने ब्रॉन्कोच्या पुढच्या आसावर वेटोळी बसवली, १९७० मध्ये स्पेन किंग याच्या रेंज रोव्हरने चारही चाकांवर लांब वेटोळी देऊन दाखवले की खडकावर चाक खोल उतरले पाहिजे, जमिनीला धरून राहिले पाहिजे, आणि तिथे मऊ स्प्रिंग पाट्यांना मागे टाकते. लँड रोव्हरने १९८३ मध्ये तशी वेटोळी आपल्या कामकरी गाडीलाही दिली. आपल्याकडे २०१० ची पहिली थार आली तिच्या पुढे पिळाचा सरळ दांडा, म्हणजे टॉर्शन बार होता, मागे पाटे. दांड्याच्या टोकाचा बोल्ट आवळला की गाडीचे नाक उचलले जाई. पान्हा पुरे होता. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या नव्या थारने पुढे दोन विशबोनमध्ये वेटोळे घेतले आणि मागेही वेटोळेच. थॉमसनचा दांडा गुंडाळला गेला, आणि त्याबरोबर बोल्टही गेला. उंची बदलायची तर आता स्प्रिंगच बदलावी लागते. नवी मुंबईच्या गॅरेजात तो जुना प्रश्न आज ज्या रूपात विचारला जातो, ते रूप या दिवसापासूनचे.

आता आपण त्या टेबलापाशी परत येऊ. स्प्रिंगचा कडकपणा ठरतो तीन मापांवर: तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि मोकळ्या वेढ्यांची संख्या. समजा तार १४ मिलिमीटर, वेढ्याचा सरासरी व्यास ११० मिलिमीटर आणि मोकळे वेढे ६. हिशेब करा, एक मिलिमीटर दाबायला सुमारे ४.८ किलो लागतात. तार फक्त एक मिलिमीटरने जाड केली तर स्प्रिंग जवळजवळ एक तृतीयांशाने कडक होते. कुलोमचा चौथा घात हा असा आपल्या कमरेला जाणवतो. पोलादी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी चरखी) मिळून ८० किलो धरले, तर एका चाकावर निदान ४० किलो. स्प्रिंग चाकापाशी नसून विशबोनच्या मध्यावर असते. चाक १० मिलिमीटर हलले तर ती ६ मिलिमीटर दाबली जाते असे धरू. तरफेचा हा हिशेब दोनदा लागतो, आणि त्या ८० किलोंनी चाकापाशी गाडी सुमारे २३ मिलिमीटर बसते. म्हणजे दोन इंच उचलायला घेतलेल्या स्प्रिंगमधला जवळपास एक इंच विंचनेच खाल्ला. उलट, विंचसाठी बनवलेली कडक स्प्रिंग रिकाम्या नाकाच्या गाडीला लावली तर ती नको तितकी उंच होते आणि पामबीच रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर दात आपटतात.

उंचीचीही किंमत असते. विशबोन खाली कलते, एक्सलचे सांधे तिरपे होतात, आणि शॉकअप तेवढाच लांब असेल तर गाडी जितकी वर गेली तितकी चाकाची खाली उतरण्याची जागा कमी होते. रेंज रोव्हरने जे कमावले तेच हातातून जाते. मित्राच्या याच गाडीत आधी एका गॅरेजने स्प्रिंगच्या डोक्यावर नुसता ठोकळा बसवून दिला होता. तीन महिन्यांत एक्सलचा रबरी बूट फाटला, ग्रीस चाकाच्या आतल्या अंगावर उडालेले आम्ही कर्जतच्या एका शेतवाटेवर पाहिले. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. कारखान्याच्या मूळ मापांहून वेगळे फेरफार करता येत नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावले आहे. त्यामुळे वाशीच्या आरटीओत चौकशी केल्याशिवाय हात घालू नये, असे मी मित्राला सांगितले, आणि त्याने ती केली.

दुसऱ्या शनिवारी आम्ही कळंबोलीच्या लोखंड बाजारात गेलो. सळया लादलेल्या ट्रकांच्या रांगेत थार खेळण्यासारखी दिसत होती. वजनकाट्यावर फक्त पुढची चाके चढवली. मित्र आत बसलेला, टाकी भरलेली, विंच आणि बंपर जागेवर. काटेवाल्याने दोनदा विचारले, "मागची पण घ्या ना वर?" त्याला समजावून पावती घेतली: १,०६० किलो. तुर्भ्याला मिस्त्रींनी ती चष्मा लावून वाचली, मागे पेन्सिलीने दोनने भागले, चाकाचे आणि टायरचे वजन वजा केले. मग निळी स्प्रिंग खोक्यात परत घातली आणि यादीत तिच्या खालच्या ओळीवर खूण केली. उंची तीच, तार अर्ध्या मिलिमीटरने जाड.