हात न लावता घालता येणारी पादत्राणे: कोणासाठी, कशी निवडावीत आणि काय जपावे

गुडघ्याचा सांधा बदलला, मणक्याचे ऑपरेशन झाले, पक्षाघाताने एक हात गेला किंवा गरोदरपणाचा नववा महिना लागला, की एक साधी गोष्ट अडते: वाकून पायात काही चढवणे. खुब्याचा सांधा बदललेल्या अनेक रुग्णांना पहिले ६ ते १२ आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू नका, असे सर्जन सांगतात. म्हणजे लेस बांधणे तर दूरच, खाली पडलेला बूट उचलणेही बंद. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्यांना बक्कल लावता येत नाही. अशा वेळी घरचे लोक स्लिपर आणून देतात. सोय होते, पण याच स्लिपरमुळे पडून पुन्हा दवाखान्यात आलेले रुग्णही आम्ही पाहतो.

चप्पल आहेच की, मग वेगळे काय हवे?

आपल्याकडे उंबऱ्याबाहेर पादत्राणे काढायची पद्धत असल्याने हात न लावता पाय सरकवायची सोय जुनीच आहे. कोल्हापुरी चप्पल काय किंवा रबरी स्लिपर काय, दोन्हींत पाय घातला की झाले. पण अशी चप्पल पायात राहते ती पट्ट्यामुळे कमी आणि आपण नकळत बोटांनी तिला धरून ठेवतो म्हणून जास्त. पक्षाघात, पार्किन्सन, म्हातारपणाचा अशक्तपणा यांत ही पकड जाते. टाच उचलली की चप्पल मागे लटकते आणि पाय अडखळतो. पिशोर-कन्नड भागातल्या काळ्या जमिनीत तर पावसाळ्यात चिखल चप्पल ओढूनच घेतो. धडधाकट माणूस अनवाणी पुढे जातो, काठी टेकत चालणारा पडतो.

मधुमेहाच्या रुग्णांना एक प्रश्न जरूर विचारावा: चालताना चप्पल पायातून निसटली आणि दुसऱ्याने सांगेपर्यंत कळलेच नाही, असे कधी झाले का? उत्तर ‘हो’ असेल तर पायाची संवेदना कमी झालेली असण्याची शक्यता मोठी आहे. तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या.

म्हणून गरज दुहेरी आहे. पाय आत जाताना मागची बाजू उघडी हवी आणि चालताना टाच बंद हवी.

हे बूट बनवतात कसे?

या प्रश्नाकडे मोठ्या कंपन्यांचे लक्ष गेले त्यात एका रुग्णाचा वाटा आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मॅथ्यू वॉल्झर या १६ वर्षांच्या अमेरिकन मुलाने २०१२ मध्ये नायकी कंपनीला लिहिले, की मी कॉलेजला जाईन, पण रोज बुटाची लेस बांधायला दुसरे कोणी लागेल. त्यानंतर २०१५ मध्ये मागून चेनने उघडणारा बूट आला. तो एका हाताने लावता येत असे, पण हात लागतच होता. २०२१ मध्ये आलेल्या बुटात हातही लागत नाही. त्याचा तळ मध्ये बिजागरीसारखा दुमडतो. पाय टाकून वजन दिले की तो सपाट होऊन टाच बंद होते.

आज बाजारात जास्त दिसतात ते दुसरे दोन प्रकार. एकात टाचेमागची भिंत लवचीक असते; पायाखाली दबते आणि पाय आत गेला की उसळून उभी राहते. दुसऱ्यात ही भिंत दबतच नाही. ती कडक, वरच्या टोकाला बाहेर वळलेली आणि आतून गुळगुळीत असते, म्हणजे शूहॉर्न बुटातच बसवलेला. अशक्त रुग्णाला मी बहुधा हा शेवटचा प्रकार सुचवतो. पहिल्या दोन्ही प्रकारांना उभे राहून पायावर भार द्यावा लागतो, तर हा खुर्चीत बसूनही चढतो. जाहिरातीत मात्र सगळे तरुण उभ्या उभ्या, हात खिशात घालून बूट घालताना दिसतात. ते आपल्यासाठी नाही.

घेताना काय पाहावे

दुकानात रुग्णाला सोबत न्या, तेही संध्याकाळी, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. खुर्चीत बसून, हात न लावता बूट चढवायला सांगा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मग दहा-बारा पावले चालायला लावा आणि मागून टाचेकडे बघा. टाच बुटातून वर येत असेल तर तो जोड नको, कितीही आरामदायक वाटला तरी. लवचीक टाचेचा बूट असेल तर ती भिंत अंगठ्याने आठ-दहा वेळा दाबून सोडा. दर वेळी ती पूर्ण उभी राहिली पाहिजे. अर्धवट दबलेली टाच म्हणजे पुन्हा स्लिपरच. साध्या बुटाची मागची बाजू चेपून तो चपलेसारखा वापरणे त्याच कारणाने धोक्याचे.

काढण्याचाही विचार करा. एका पायाने दुसऱ्या बुटाची टाच दाबून पाय बाहेर काढतात, त्या क्षणी सगळा तोल एका पायावर असतो. तोल जाणाऱ्यांनी हे बसूनच करावे.

पाऊल लोंबते म्हणून प्लास्टिकचा एएफओ स्प्लिंट वापरणाऱ्यांना यातले बहुतेक बूट घट्ट होतात. त्यांना तोंड रुंद उघडणारा बूट लागतो. बूट घ्यायला जाताना स्प्लिंट घालूनच जा.

महागडा बूट परवडत नसेल तर

बंद सँडलचा मागचा पट्टा कापून तिथे रुंद इलॅस्टिक शिवून घ्या. गावातला कुशल चर्मकार हे सहज करतो. पट्टा पायाला धरून ठेवेल इतका ताणलेला असावा, रुतणारा नको. जुन्या बुटात लेसच्या जागी इलॅस्टिकची लेस घालता येते. सोबत दीड-दोन फुटांचा लांब दांड्याचा शूहॉर्न घेतला की बऱ्याच रुग्णांचे काम भागते. ऑपरेशननंतरच्या दोन-तीन महिन्यांसाठी तर एवढे पुरे.

मधुमेह किंवा बधिर पाय असल्यास

इथे हात न लावण्याचीच अडचण होते. बूट हातात घेतला नाही, तर आत काय आहे ते दिसत नाही. खडा, खिळ्याचे टोक, दुमडलेला आतला तळ बधिर पायाला कळत नाही आणि संध्याकाळपर्यंत जखम होते. शेतातल्या घरी विंचूही बुटात बसतो. म्हणून घरातल्या कोणीतरी बूट रोज झटकून आत हात फिरवावा. रुग्णाने स्वतः करायचे असेल तर बूट जमिनीवर न ठेवता कमरेच्या उंचीच्या फळीवर ठेवावेत.

बधिर पायांसाठी मऊ रबराची एमसीआर चप्पल चांगली. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर जे काम केले, त्यातून ही पादत्राणे पुढे आली. मात्र मागचा पट्टा असलेलीच घ्या, आणि अंगठ्यात अडकणारी नको. नवे पादत्राण पहिल्या दिवशी घरातच अर्धा तास वापरा, काढून पाय बघा, मग वेळ वाढवा. काढल्यानंतर २० मिनिटांनीही लाल वळ राहिला तर तिथे दाब पडतो आहे, ते पादत्राण बदला.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

पायावर जखम, फोड किंवा काळा डाग दिसला, एकच पाऊल अचानक सुजले, गरम लागू लागले किंवा त्याचा आकार बदलला, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी दाखवा. बधिर पाय दुखत नाही, म्हणून वाट पाहू नका. अशा पायाला बाजारातला कोणताही तयार बूट चालत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने मापाचे पादत्राण बनवून घ्यावे लागते. ही लक्षणे नसतील, पण गेल्या महिन्यात रुग्ण दोनदा पडला असेल, तर तपासणीला येताना तो घरात आणि बाहेर घालतो त्या चपला-बूट पिशवीत घालून सोबत आणा. त्यांचे झिजलेले तळ पाहून चालण्यातला दोष बराचसा कळतो.