शिट्टीचा हुकूम

माणसाचा भरवसा वाटेना म्हणून यंत्र आणावे, आणि त्या यंत्राने वाटेल त्याचा हुकूम मानावा, असा चमत्कारिक प्रकार टेलिफोनच्या इतिहासात घडला आहे.

अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्रोजर नावाचे एक गृहस्थ होते. प्रेतसंस्काराची व्यवस्था करणे हा त्यांचा धंदा. आपल्याला येणारे फोन एक्स्चेंजमधील बाई मुद्दाम प्रतिस्पर्ध्याकडे जोडून देते, असा त्यांना संशय. ती त्या प्रतिस्पर्ध्याची बायकोच होती, असेही सांगतात. खरेखोटे काही असो, त्या बाईचा अडसर दूर करण्यासाठी स्ट्रोजरनी आपोआप जोडणी करणारे यंत्र शोधून काढले आणि १८९१ साली त्याचे पेटंट मिळविले.

ट्रंक कॉलसाठी तासन्‌तास खोळंबलेल्या आपल्या मंडळींना त्या यंत्राची महती सांगावयास नको. आपल्याकडे १९६० साली कानपूर-लखनौ यांच्या दरम्यान एसटीडी सुरू झाली, आणि पुढे हळूहळू मधला ऑपरेटर नाहीसा झाला. तालुक्याच्या गावचा ऑपरेटर नको तितका चौकस असे हे खरे. पण तो आवाज ओळखी, हेही तितकेच खरे.

यंत्राला ही ओळख नव्हती. अमेरिकेतील बेल कंपनीच्या इंजिनियरांनी एक काटकसर केली होती. ज्या तारेवरून माणसांचे बोलणे जाई, तिच्यावरूनच यंत्रांना द्यावयाचे हुकूमही सुरांच्या रूपाने जात. दोन शहरांमधील तार मोकळी असली, की तिच्यावर सेकंदाला २,६०० कंपनांचा एक सूर वाजत राही. सूर थांबला की पलीकडचे यंत्र सावध होई. मग दोन दोन सुरांच्या जोडीने एकेक आकडा त्याला कळविला जाई. म्हणजे कुलूप असे नव्हतेच. सूर ज्याच्या गळ्यात, त्याची सत्ता! शिवाय हे सगळे सूर कंपनीच्याच तांत्रिक नियतकालिकात १९५४ व १९६० साली छापून आले होते. यात इंजिनियरांचा मूर्खपणा दिसतो असे मला वाटत नाही. आपली विद्या चारचौघांत मांडणे हा विद्वानांचा धर्मच आहे.

जो एन्ग्रेसिया हा मुलगा जन्मांध होता, पण सुरांची जाण त्याला उपजतच होती. अगदी लहानपणीच त्याच्या ध्यानात आले, की फोनवर विशिष्ट पट्टीत शिट्टी घातली की चालू बोलणे तुटते. दुसरा एखादा मुलगा हे विसरून गेला असता. हा शोध घेत राहिला. आधी एखादा फुकटचा नंबर फिरवावयाचा आणि शिट्टी घालावयाची. बोलणे संपले असे पलीकडच्या यंत्राला वाटे. शिट्टी थांबताच, नवे गिऱ्हाईक आले असे समजून ते आकड्यांची वाट पाही. आणि इकडे हिशेब ठेवणारे यंत्र मात्र फुकटचेच बोलणे चालू आहे अशा समजुतीत निवांत! १९६८ साली फ्लोरिडातील विद्यापीठात सोबत्यांना असे दूरचे फोन लावून देताना तो पकडला गेला.

ज्यांना गळ्याची देणगी नव्हती, त्यांच्याही मदतीला एक वस्तू आली. न्याहारीच्या एका खाद्यपदार्थाच्या खोक्यात मुलांसाठी घातलेली खेळण्यातली शिट्टी नेमका तोच सूर देई. पुढे १९७१ साली ‘एस्क्वायर’ मासिकात या उद्योगावर लेख आला. तो वाचून वॉझ्निॲक आणि जॉब्ज या दोघा तरुणांनी असे सूर काढणाऱ्या पेट्या तयार करून विकल्या. ॲपल कंपनी निघाली ती त्यानंतर.

कंपनीने १९७६ पासून हुकुमांची वाट बोलण्याच्या वाटेपासून निराळी करण्यास आरंभ केला, आणि शिट्टीची सद्दी संपत गेली. पण ‘तू कोण?’ हा प्रश्न या नव्या वाटेवरही कोणी विचारला नाही. पुढे जगभर रूढ झालेली एसएस ७ ही पद्धत आखली गेली, तेव्हा टेलिफोन चालविणाऱ्या संस्था थोड्या, पुष्कळशा सरकारी, आणि एकमेकींच्या ओळखीच्या. घरच्या माणसांत कोण दाखला मागतो? मोबाईल आल्यावर कंपन्या शेकड्यांनी वाढल्या. परगावी गेलेल्या माणसाचा फोन लागावा म्हणून एका कंपनीने ‘तो माझ्याकडे आला आहे’ असे कळवावयाचे आणि दुसरीने ते खरे मानावयाचे, हा शिरस्ता मात्र तसाच राहिला. खोटे कळविणाऱ्याला दुसऱ्याचे संदेश आपल्याकडे वळविता येतात, हे २०१४ च्या डिसेंबरात हँबुर्ग येथील एका संमेलनात जर्मन संशोधकांनी सप्रयोग दाखविले.

आपल्या खिशातील फोनवर बँकेचा ओटीपी येतो, तेव्हा ही सारी वंशावळ मला आठवते. २०१७ च्या जानेवारीत जर्मनीतील काही खातेदारांचे परवलीचे शब्द चोरांनी आधीच मिळविले होते. उणीव होती ती फक्त फोनवर येणाऱ्या आकड्यांची. तेव्हा एका परदेशी कंपनीच्या जाळ्यातून त्यांनी त्या खातेदारांचे फोन आपल्याकडे आल्याचे कळविले. ते खरे मानले गेले. आकडे चोरांकडे गेले, आणि पाठोपाठ पैसे. खातेदारांचे फोन तेवढे त्यांच्याच घरी होते.