आखडता हात: ट्रायची वाटचाल

तळोजा एमआयडीसीत कंत्राटी कामगाराचा पगार महिन्याने होतो, पण त्याच्या मोबाइलचा महिना 28 दिवसांत संपतो. वर्षाला पगार बारा आणि रिचार्ज तेरा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. या तेराव्या रिचार्जवर बोट ठेवणारी एक सरकारी संस्था आहे, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय. तिने ते ठेवलंही. जानेवारी 2022 मध्ये आदेश निघाला की प्रत्येक कंपनीने निदान एक योजना पूर्ण 30 दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नव्याने सुरू होणारी ठेवावी. कंपन्यांनी निमूटपणे एकेक योजना ठेवली. 28 दिवसांच्या योजनांना कुणी हात लावला नाही. दुकानांच्या काचेवर त्या आजही ठळक अक्षरांत आहेत, 30 दिवसांची योजना मात्र मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही.

ट्रायची स्थापना 20 फेब्रुवारी 1997 ची. तोवर दूरसंचार खातं स्वतःच खेळाडू आणि स्वतःच पंच होतं. 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल फोन लावला. त्याच वर्षी मुंबईत मॅक्स टच आणि बीपीएल यांनी सेवा सुरू केली. मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे. त्या काळात तळोज्याच्या कामगाराचा मोबाइलशी संबंध नव्हता. त्याचा संबंध पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथशी. रात्री उशिरा दर उतरले की बूथबाहेर रांग लागायची, आणि आत बोलणाऱ्याचे डोळे पलीकडच्या माणसापेक्षा मीटरच्या लाल आकड्यांवर जास्त असायचे. गावाकडची ख्यालीखुशाली त्या आकड्यांच्या वेगाने उरकावी लागायची.

कायद्याने ट्रायला दर ठरवण्याचा अधिकार दिला, कलम 11(2). संस्थेने तो वापरायला घेतला आणि लगेच ठेच लागली. फोन करणाऱ्यानेच पैसे द्यावेत, उचलणाऱ्याला ते पडू नयेत, ही पद्धत आणण्याचा ट्रायचा पहिला प्रयत्न दिल्ली उच्च न्यायालयात टिकला नाही. सरकारी कंपन्यांच्या कमाईवर हात पडत होता, त्यामुळे खातंही खूश नव्हतं. जानेवारी 2000 मध्ये केंद्राने वटहुकूम काढून संस्थेची पुनर्रचना केली. तंटे सोडवण्याचं काम काढून टीडीसॅट या नव्या लवादाकडे दिलं आणि जुन्या मंडळाला घरी पाठवलं. पंचाने शिट्टी वाजवली की सामना थांबवून पंचच बदलायचा, ही रीत तिथून पडली असं माझं मत आहे.

तरी पुढची तीन-चार वर्षं या संस्थेची सगळ्यात चांगली. 1 मे 2003 पासून येणारे फोन मोफत झाले. एरवी आपण महाराष्ट्र दिन परेड आणि सुट्टी म्हणून लक्षात ठेवतो, पण 2003 चा 1 मे माझ्या मते सामान्य माणसाच्या खिशाच्या दृष्टीने मोठा दिवस होता. मिस्ड कॉल देणं ही एक स्वतंत्र भाषा झाली ती यानंतर. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे फोन कर. मात्र त्याच सुमारास मोबाइलचे दर ठरवणं ट्रायने बहुतांशी सोडून दिलं. कंपन्यांनी आपापले दर ठरवावेत, ट्रायला कळवावेत, आणि ट्रायने लक्ष ठेवावं. इंग्रजीत या धोरणाला मोठं भारदस्त नाव आहे. मराठीत सांगायचं तर हात आखडता घेतला.

तेव्हा ते चुकलं असं म्हणवत नाही. बाजारात गर्दी होती. रिलायन्स इन्फोकॉमने 501 रुपयांत हँडसेट हातात दिला, 2009 मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा दर आणला आणि बाकीच्यांना मुकाट मागे यावं लागलं. एकाच मुंबईत डझनभर कंपन्या ग्राहकाच्या मागे धावत असताना दर ठरवायला सरकारी बाबू कशाला हवा? जानेवारी 2011 पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोयही देशभर झाली. ती ट्रायच्या नियमांमुळे, आणि तिने कंपन्यांचा माज काही काळ खरोखर उतरवला.

खरी कसोटी 2015-16 ची. बोलता बोलता फोन तुटायचा, पैसे कापले जायचे आणि पुन्हा लावावा लागायचा. 16 ऑक्टोबर 2015 रोजी ट्रायने नियम केला की तुटलेल्या प्रत्येक फोनमागे कंपनीने ग्राहकाला एक रुपया द्यावा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. एक रुपया! कंपन्या न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने ट्रायची बाजू उचलून धरली, पण 11 मे 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम रद्द केला. कारण कायद्याच्या दृष्टीने बिनतोड होतं. ट्रायच्याच सेवामानकांत दोन टक्के फोन तुटणं चालतं असं लिहिलेलं होतं. मानक पाळणाऱ्या कंपनीला दंड कसा करणार? शिवाय नियम पारदर्शकपणे आणि कारणं देऊन केलेला नाही, तो मनमानी आहे, असं न्यायालयाने म्हटलं. कंपन्यांना नावं ठेवणं सोपं आहे, पण घर ट्रायनेच कच्चं बांधलं होतं हे मान्य करायला हवं.

आणि त्याच वर्षी, फेब्रुवारीत, ट्रायने दाखवून दिलं की पक्कं बांधता येतं. एखादी साइट फुकट, दुसरी पैसे घेऊन, असा भेदभाव इंटरनेटच्या दरात चालणार नाही, हा 8 फेब्रुवारी 2016 चा नियम. फेसबुकच्या फ्री बेसिक्सचं दुकान त्याने बंद केलं. त्याआधी दहा लाखांहून अधिक लोकांनी ट्रायला ईमेल पाठवले होते, आणि ट्रायने त्यातल्या अनेकांचे ईमेल-पत्तेही जाहीर करून टाकले होते, हा घोटाळा वेगळा. पण एवढ्या लोकांनी दार ठोठावलं की संस्थेचा कणा ताठ होतो, हे त्या वेळी दिसलं.

5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं. आधी फुकट, मग जवळपास फुकट. लोक खूश, कंपन्या गारद. रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा बंद पडली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटाचे ग्राहक एअरटेलकडे गेले, व्होडाफोन आणि आयडिया 31 ऑगस्ट 2018 ला एक झाल्या. तोट्यात विकून इतरांना संपवण्याविरुद्ध ट्रायने फेब्रुवारी 2018 मध्ये आदेश काढला. त्यातला महत्त्वाचा भाग टीडीसॅटने डिसेंबरमध्ये रद्द केला. मैदानात तीन खासगी कंपन्या उरल्या आणि चौथी लंगडी सरकारी.

त्यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे. दरवाढ डिसेंबर 2019 ला, नोव्हेंबर 2021 ला, जुलै 2024 ला. शेवटच्या वाढीत तिन्ही कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत दर वाढवल्याचं जाहीर केलं. जिओची 28 दिवसांची रोज दीड जीबीची योजना 239 वरून 299 ला गेली, म्हणजे एकदम पंचवीस टक्के. लोक चिडले, त्या जुलैत बीएसएनएलला जवळपास 29 लाख ग्राहक मिळाले. ट्राय काय म्हणाली? दर बाजार ठरवतो. गर्दीच्या बाजारासाठी घेतलेला आखडता हात तीन दुकानांच्या बाजारातही तसाच. कलम 11(2) कायद्याच्या पुस्तकात अजूनही आहे.

तळोज्याजवळच्या पेंधरला मेट्रो नोव्हेंबर 2023 मध्ये आली, घरांचे भाव वाढले, पण बाजूच्या रस्त्यावरचं रिचार्जचं दुकान तसंच आहे. तिथे एका दुपारी सिडकोच्या इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी साधा बटणांचा फोन घेऊन आल्या होत्या. "नुसतं बोलायचं आहे रे बाबा, ते नेट नको मला." दुकानदाराने ओळखीचं हसून यादी दाखवली. "मावशी, नुसत्या बोलण्याचं आहे, पण चौऱ्याऐंशी दिवसांचं. साडेचारशेच्या आसपास." मावशींनी कमरेची पिशवी उघडली, पुन्हा बांधली आणि 28 दिवसांचं रिचार्ज मारून गेल्या. नेट असलेलं.

ही नुसत्या बोलण्याची योजनाही ट्रायचीच देणगी. 23 डिसेंबर 2024 रोजी ट्रायने सांगितलं की ज्यांना इंटरनेट नको त्यांना फक्त बोलणं आणि संदेश यांची योजना द्या. कंपन्यांनी दिली. एअरटेलने 84 दिवसांसाठी 499 लावले आणि टीका झाल्यावर 469 केले, जिओने 458 चे 448. तेव्हा एअरटेलच्या या योजना 84 आणि 365 दिवसांच्या होत्या, जिओच्या 84 आणि 336 दिवसांच्या. आदेशाचं अक्षर पाळलं, आणि ज्याला दोनशे रुपये एका वेळी काढणं जड जातं त्याला तो आदेश परवडेनासा केला. कमीत कमी किती दिवसांची योजना हवी, हे ट्रायने लिहिलं नव्हतं.

मग तक्रार कुठे करायची? एकट्यादुकट्याची तक्रार ट्राय ऐकत नाही, कायदाच तसा आहे. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोनच्या तक्रारींसाठी ग्राहक मंचाचं दारही बंद केलं होतं, आणि तेरा वर्षं कंपन्या त्या निकालाचा कागद पुढे करत राहिल्या. 16 फेब्रुवारी 2022 ला न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ते दार उघडलं. प्रकरण अहमदाबादच्या एका व्होडाफोन ग्राहकाचं, ज्याला एका महिन्याचं चोवीस हजारांवर बिल आलं होतं. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हापासून महाराष्ट्रात ग्राहक चळवळ आहे, तिच्या कार्यकर्त्यांना या निकालाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला आता फीही नाही.

तळोजा रायगड जिल्ह्यात, जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला. तिथे एका तारखेला जायचं तर एक दिवसाचा रोज बुडतो, आणि भाडं वेगळं. सेवा 24 तासांहून अधिक बंद राहिली तर भरपाई देण्याचा ट्रायचा 2024 चा नियम आहे खरा, पण तो बिघाड जिल्हा पातळीवरचा असावा लागतो. फक्त तळोज्यातला टॉवर आठवडाभर बंद पडला तर त्या नियमात ते बसत नाही.