एसएफआयएनएई: टेम्प्लेट बसलं नाही तरी कंपायलर गप्प का राहतो?

सी++ मध्ये एकाच नावाची अनेक फंक्शन्स असली, की कॉल कुणाला जाणार हे कंपायलर ठरवतो. यालाच ओव्हरलोड रिझोल्यूशन म्हणतात. यादीत टेम्प्लेट असेल तर आधी आर्ग्युमेंटवरून 'टी' कोण हे ओळखलं जातं आणि तो टाइप सिग्नेचरमध्ये भरला जातो. समजा सिग्नेचरमध्ये 'टी चा इटरेटर' लिहिलंय आणि टी निघाला इंट. इंटला कुठला आलाय इटरेटर! पण इथे एरर येत नाही. कंपायलर तो उमेदवार गुपचूप वगळतो आणि पुढचे बघतो. एकही उरला नाही तरच ओरडतो. डेव्हिड वँडेवूर्ड यांनी याला 'सब्स्टिट्यूशन फेल्युअर इज नॉट अ‍ॅन एरर' हे नाव दिलं. ही सोय नसती तर कुठल्याशा हेडरमधल्या त्याच नावाच्या टेम्प्लेटमुळे तुमचा चालता कॉल मोडला असता.

मात्र ही माफी सिग्नेचरपुरतीच, म्हणजे स्टँडर्डच्या भाषेत 'इमिजिएट कॉन्टेक्स्ट'पुरती. मी इथेच अडकलो होतो. 'लांबी' नावाची दोन टेम्प्लेट्स लिहिली. पहिलं टी आणि इंट घेऊन टी चं साइझ परत करणारं, दुसरं टी आणि लाँग घेऊन नुसतं 1 देणारं. कॉल करताना दुसरं आर्ग्युमेंट 0, म्हणजे पहिल्याला पसंती. व्हेक्टरवर मस्त चाललं. इंट दिला आणि बिल्ड कोसळला. अख्खी संध्याकाळ गेली, आणि दुसऱ्या दिवशी रिलीज होता!

चूक अशी, की रिटर्न टाइप मी नुसता 'ऑटो' ठेवला होता (सी++14 पासून चालतो). सिग्नेचरमध्ये साइझचा उल्लेखच नाही, मग वगळणार कशावरून? पहिलं टेम्प्लेट जिंकलं, नंतर त्याची बॉडी बनवताना साइझ सापडलं नाही. तिथे माफी नाही, थेट हार्ड एरर. ऑटोनंतर बाण काढून डिक्लटाइपमध्ये तेच साइझचं एक्स्प्रेशन लिहिलं आणि काम झालं. दिसायला डबल लिखाण, पण पहिलं सिग्नेचरसाठी आहे, दुसरं बॉडीसाठी.

सी++20 वर असाल तर रिक्वायर्स वापरा. इंट-लाँगची कसरतही लागत नाही, कारण जास्त अटी असलेलं टेम्प्लेट आपोआप वरचढ ठरतं. एनेबल-इफ मी आता फक्त जुन्या कोडमध्येच सहन करतो.

आणि जीसीसीने 'नो मॅचिंग फंक्शन' म्हटलं, तर खालच्या नोट्स वाचा. कुठला उमेदवार का गळाला, ते तिथेच लिहिलेलं असतं.