गिरगांव कीं दादर?

गिरगांवांतच राहावें, कीं दादरला बिऱ्हाड हलवावें? विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत मुंबईंतील पांढरपेशा मराठी कुटुंबांपुढें हा प्रश्न वारंवार उभा राहिला. आज दादर म्हणजे शहराचें मध्यठाण. त्या काळीं मात्र दादर-माटुंग्याकडे भातखाचरें, ताडामाडांची झाडी आणि सखल जमीन यांखेरीज फारसें कांहीं नव्हतें. अशा जागीं शहाणींसुरतीं माणसें राहावयास कां गेलीं, हें समजण्यासाठीं १८९६ सालापर्यंत मागें जावें लागतें.

त्या वर्षीं सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. पुढील कांहीं महिन्यांत लोकांचे लोंढे शहर सोडून गांवोगांव पळाले. १८९१ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ सालीं ती ७,७६,००६ भरली. उंदरांवरील पिसवांमुळें हा रोग पसरतो, ही गोष्ट तोंवर सिद्ध झालेली नव्हती. अंधार, ओल आणि दाटी यांतच रोगाचें मूळ आहे, अशी तज्ज्ञांचीहि समजूत होती. समजूत अपुरी होती खरी. पण तिच्यापायीं शहराचा नकाशा बदलला. १८९८ सालीं कायद्यानें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तींतून समुद्राची हवा खेळावी म्हणून त्यानें प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, आणि उत्तरेस दादर, माटुंगा, शीव येथील जमिनी संपादून आखीव वसाहतींची योजना केली.

घरें किती उंच व किती अंतरावर असावींत, याचाहि विचार झाला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ओर यांनीं साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. त्याचा अर्थ एवढाच कीं, दोन इमारतींमध्यें जितकी मोकळी जागा, तिच्या सुमारें दुपटीहून भिंत उंच नसावी, म्हणजे तळमजल्यावरच्या खिडकींतूनहि आभाळ दिसेल. गिरगांवांतल्या कित्येक वाड्यांतून असें आभाळ पाहावयाचें तर गॅलरींत येऊन मान वर करावी लागे.

परंतु नुसत्या हवेवर कोणी घर बदलीत नाहीं. गिरगांवांत चाळीच्या दोन खोल्या, सामायिक नळ आणि टोंकाला सामायिक शौचकूप असले, तरी वाणी, वैद्य, देऊळ, शाळा व नाटकगृह हाकेच्या अंतरावर होतीं, आणि कोटांतली कचेरी पायीं गांठतां येई. शिवाय सुखदुःखाला शेजार होता. घरधनी सकाळीं कचेरीस गेल्यावर गृहिणीनें दिवसभर दादरच्या माळावर कोणाच्या आधारानें राहावयाचें? हा प्रश्न ट्रस्टच्या कोणत्याहि नकाशांत नव्हता, आणि खरी अडचण तेथेंच होती.

तिचें उत्तर लोकांनीं आपल्या रीतीनें शोधलें: शेजारच बरोबर घेऊन जावयाचा. १९१५ सालीं श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें गांवदेवींत सारस्वत सहकारी गृहसंस्था उभी राहिली. भारतांतील अशा आरंभींच्या संस्थांत तिची गणना होते. दादरला मंचेरजी एदलजी जोशी यांनीं ट्रस्टचें मन वळवून पारश्यांसाठीं १०३ भूखंड राखून घेतले. जवळच हिंदु कॉलनी वसली. माटुंग्याला दाक्षिणात्यांची वस्ती झाली. पश्चिमेकडील मैदानाला १९२७ सालीं शिवाजी पार्क हें नांव मिळालें, तें महाराजांच्या जन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाच्या निमित्तानें, कारण तेव्हां जन्मवर्ष १६२७ मानीत. भोंवतालीं मराठी बिऱ्हाडें दाटलीं, यांत त्या नांवाचाहि थोडा वांटा असावा. अंतराची अडचण गाड्यांनीं कमी केली. जी. आय. पी. रेल्वेची पहिली विजेची गाडी १९२५ सालीं कुर्ल्यापर्यंत धांवली, आणि १९२८ सालीं बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या विजेच्या गाड्या बोरीवलीपर्यंत जाऊं लागल्या. दादरला दोन्ही रेल्वे सांपडत.

नव्या ब्लॉकांत शौचकूप घरांतच असे. सोवळेंओवळें पाळणाऱ्या वडील मंडळींना तें रुचण्यासारखें नव्हतें. पण रात्रींबेरात्रीं लहान मुलाला घेऊन चाळीच्या टोंकापर्यंत जाण्याचा त्रास ज्यांनीं सोसला होता, त्या सुनांचें मत निराळें असणार. असल्या वादांत बहुधा सुनाच जिंकल्या.

ही निवड सर्वांना मोकळी नव्हती. रस्त्यांसाठीं ज्यांच्या खोल्या पाडल्या, त्यांतील बहुतेकांना दादरचें भाडें झेपणारें नव्हतें, आणि गिरणीच्या भोंग्यावर हजर होणाऱ्या मजुराला गिरणीजवळच राहणें भाग होतें. ट्रस्टनें त्यांच्यासाठीं चाळी बांधल्या, पण आरंभींच्या काळांत पाडलेल्या खोल्यांची भरपाई त्यांनीं झाली नाहीं. शिवाय जातीच्या शेजारावर उभ्या राहिलेल्या वसाहती परक्याला दार सहसा उघडीत नसत.

परळच्या पोयबावाडींतील ट्रस्टच्या अशाच एका चाळींत, दोन खोल्यांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें कुटुंब १९१२ पासून सुमारें बावीस वर्षें राहिलें. विलायतेच्या पदव्या, बॅरिस्टरी, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, हें सर्व त्या पत्त्यावर असतांना झालें. पुढें त्यांनीं हिंदु कॉलनींत ‘राजगृह’ बांधलें, तें मुख्यतः ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. म्हणजे चाळहि ट्रस्टची आणि कॉलनीहि ट्रस्टच्याच जमिनीवरची. रमाबाईंना मात्र त्या घराचें सुख फार दिवस लाभलें नाहीं. २७ मे १९३५ रोजीं तेथेंच त्यांचें निधन झालें.

ट्रस्टचा कारभार १९३३ सालीं म्युनिसिपालिटीकडे गेला. पुढें १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलीं. त्यानंतर बसलेला भाडेकरी सहसा उठेना, रिकामी खोली पागडीवांचून मिळेना, आणि गिरगांवांतले गिरगांवांत व दादरचे दादरला दोन-दोन, तीन-तीन पिढ्या राहिले.