शोभराजला दोनदा पकडणारे झेंडे

चार्ल्स शोभराज हे नाव आमच्या खापरखेड्यातही लोकांना ठाऊक आहे. त्याला दोनदा पकडणाऱ्या मधुकर झेंडे यांची ओळख मात्र मला करून द्यावी लागते. मुंबई पोलिसांतील झेंडे यांनी त्याला १९७१ साली मुंबईत प्रथम पकडले. मार्च १९८६ मध्ये पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध घातलेली मिठाई चारून तो दिल्लीच्या तिहार तुरुंगातून पळाला. पंधरा वर्षांपूर्वी पाहिलेला तो चेहरा झेंडे विसरले नव्हते. ६ एप्रिलला गोव्यात, पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ उपाहारगृहात, त्यांनी त्याला पुन्हा धरले. पुढे तिथे पुतळा बसला, तो शोभराजचा! झेंडे यांच्यावर चित्रपट आला तो २०२५ साली. इतकी वर्षे आपण गुन्हेगाराचीच गोष्ट सांगत राहिलो.