कोवळ्या शिंगाचा नर: शिकारीच्या एका नियमाचा इतिहास



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की शिकार बंद होऊन तीस-पस्तीस वर्षं झाली, आता हरणाचा कोणता नर मारावा आणि कोणता सोडावा याची चर्चा कशाला? पण यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न मिटलेला नाही. सोयाबीन, तूर, हरभरा उभा असतो तेव्हा रोह्यांचे कळप रात्री शेतात उतरतात. लोक जागलीला जातात, फटाके फोडतात, आणि शेवटी मारायच्या परवानगीची मागणी होते. मग "मारायचं झालंच तर कोणाला?" हा जुना प्रश्न नव्या वेशात समोर येतो. म्हणून त्याचा इतिहास बघू या.

सुरुवात कायद्यातल्या एका कलमापासून करतो. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आपल्याला शिकारबंदीचा कायदा म्हणून माहीत आहे. पण तो झाला तेव्हा त्यात शिकारीचे परवाने होते. शिकारीचे वर्ग पाडलेले होते आणि चितळ, सांबर हे त्यातल्या मोठ्या शिकारीच्या यादीत होते. याच मूळ कायद्यात कलम १७ होतं. त्यात तीन गोष्टी सांगितल्या होत्या. पिल्लू मारायचं नाही. मादी मारायची नाही. आणि ज्या हरणाच्या शिंगांवर अजून मखमल आहे ते मारायचं नाही. खास परवान्यात तशी मुभा दिली असेल तरच अपवाद, आणि उपद्रवी म्हणून जाहीर केलेले प्राणी या नियमाच्या बाहेर.

आता ही मखमल म्हणजे काय? चितळ आणि सांबर यांची शिंगं गाईम्हशींसारखी आयुष्यभर टिकणारी नसतात. ती गळतात आणि पुन्हा उगवतात. उगवताना त्यांच्यावर लवदार कातडी असते, आत रक्त खेळत असतं. शिंग पूर्ण वाढलं की ती कातडी सुकते, नर ती झाडाला घासून काढतो आणि खालचं टणक शिंग उघडं पडतं. थंड देशांतल्या हरणांत हे बहुतेक सगळ्या नरांचं एकाच हंगामात होतं. आपल्या चितळाचं तसं नाही. उन्हाळ्यात टणक शिंगांचे नर जास्त दिसतात हे खरं, पण एकाच कळपात एका नराची शिंगं पूर्ण, दुसऱ्याची मखमलीत आणि तिसऱ्याची गळालेली, असं वर्षाच्या कुठल्याही महिन्यात दिसू शकतं. म्हणजे "अमुक महिन्यांत शिकार बंद" एवढ्यानं भागत नाही. प्रत्येक वेळी समोरचा नर बघावा लागतो.

वयाचंही तसंच आहे. चितळाच्या पाड्याला पहिल्यांदा येतात ती सरळ, बिनफाट्याची शिंगं. पूर्ण वाढलेल्या नराच्या प्रत्येक शिंगाला तीन टोकं असतात. काळवीट आणि रोही हे शास्त्रानं हरणांपेक्षा वेगळ्या कुळातले, पण तिथंही खूण आहे. काळविटाचा तरुण नर तपकिरी असतो, वयानं काळा होतो. रोह्याचा तरुण नर मादीसारखा भुरा, प्रौढ नर निळसर करडा. म्हणजे ज्याला बघायचं आहे त्याला निसर्गानं खुणा दिलेल्या आहेत. पण पिल्लू कुठं संपतं आणि नर कुठं सुरू होतो? पहिली टणक शिंगं आलेला दीडेक वर्षाचा पाडा मादी नाही, मखमलीतही नाही. त्याला पिल्लू म्हणायचं का? याचं उत्तर शेवटी बंदुकीमागच्या माणसाच्या डोळ्यांवर सोपवलेलं होतं.

ही कल्पना आली कुठून? "लहानाला मारू नये" हे आपल्याकडे फार जुनं आहे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातल्या अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात शेळ्या, मेंढ्या आणि डुकरिणी गाभण किंवा दुभत्या असतील तर मारू नयेत, आणि त्यांची सहा महिन्यांच्या आतली पिल्लं मारू नयेत, असा हुकूम आहे. महाभारताच्या आदिपर्वात पांडूची गोष्ट आहे. हरणाच्या जोडीवर तो बाण सोडतो आणि ते हरीण म्हणजे किंदम ऋषी निघतात. शाप आपल्या सगळ्यांना आठवतो, त्याआधीचा वाद आठवत नाही. पांडू म्हणतो, राजानं हरीण मारणं ही रीतच आहे. किंदमाचं उत्तर महत्त्वाचं आहे. तू हरीण मारलंस याबद्दल मी तुला दोष देत नाही, तू ज्या वेळी मारलंस त्याबद्दल देतो, असा त्याचा रोख आहे. मारण्याच्या आतही काही मर्यादा असतात, हा विचार तिथं स्पष्ट आहे.

पण १९७२च्या कलमाची थेट वंशावळ अशोकाकडे जात नाही, ती इंग्रज साहेबाच्या शिकारीकडे जाते. आणि त्या काळात आपला जिल्हा कुठं होता, तेही बघा. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाडाचा कारभार कंपनीकडे दिला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. आधी या जिल्ह्याचं नाव वणीवरून होतं, १९०५ मध्ये दारव्हा आणि पुसद जोडून यवतमाळ जिल्हा झाला. या मध्य प्रांतात शिकारीवर लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांची एक परंपराच होती. कॅप्टन फोर्सिथचं मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचं पुस्तक १८७१चं, स्टर्नडेलचं 'सिवनी' १८७७चं, वनाधिकारी डनबार ब्रँडरचं मध्य भारतातल्या वन्य प्राण्यांवरचं १९२३चं. १८९२ मध्ये लंडनच्या रोलँड वॉर्डनं जगभरच्या शिकारींच्या शिंगांची मापं छापायला सुरुवात केली. आता शिंग इंचांत मोजलं जाऊ लागलं.

इंच मोजायचे तर म्हातारा, भरदार शिंगांचा नर हवा. तरुण नर मारला तर भिंतीवर लावायला काही नाही, आणि पाच वर्षांनी जे मिळालं असतं तेही गेलं. म्हणून साहेबाच्या नीतीत तरुण नराला अभय होतं. यात दया अजिबात नव्हती असं मी म्हणणार नाही, काही जण मनापासून हळहळत. पण हिशेब नीट पाहिला तर तरुण नर ही मुदत ठेव होती. ठेव मोडू नये, एवढाच त्या अभयाचा अर्थ.

आणि या नियमाला दुसरी धार होती. तो पाळणारा तो सभ्य शिकारी. पाणवठ्यावर दडून, मांसासाठी मादी किंवा पाडस मारणारा गावकरी तो चोर. भुकेसाठी मारणारा हलका आणि शोभेसाठी मारणारा थोर, अशी ही वाटणी. मध्य प्रांतातली जंगलं कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याचा अभ्यास इतिहासकार महेश रंगराजन यांनी 'फेन्सिंग द फॉरेस्ट' या पुस्तकात केला आहे. शिकारीचे नियम हा त्या मोठ्या बदलाचाच एक भाग होता.

आता त्या काळात ज्यांना सर्वांत हलकं मानलं गेलं त्यांच्याकडे बघू. फासेपारधी. हरणाच्या वाटेवर फासे मांडायचे आणि त्यात हरीण अडकवायचं, ही त्यांची पद्धत. पुढे गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का या समाजावर बसला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या फासेपारध्यांची एक प्रथा नोंदवून ठेवली आहे. फाशात पाडस किंवा गाभण मादी सापडली तर ते तिला सोडून देत. इथं थोडं थांबून विचार करा. साहेब फाशाला क्रूर म्हणत असे. पण फाशात अडकलेलं जनावर जिवंत असतं. त्याच्याजवळ जाऊन, त्याच्याकडे पाहून निर्णय बदलता येतो. गोळी सुटली की बदलता येत नाही. "लहानाला सोडा" हा नियम दोघांकडेही होता. पारध्याकडे तो पोटाशी बांधलेला होता, कारण पुढच्या वर्षी त्याच माळावर त्याच कळपावर जगायचं होतं.

मग कायदे आले. १९१२ मध्ये वन्य पक्षी आणि प्राणी संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या यादीत हरणं होती आणि सरकारला शिकारीचा बंद हंगाम ठरवता येत होता. पण त्यात एक मोठी सूट होती: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी, किंवा प्रामाणिकपणे मालमत्तेच्या रक्षणासाठी जनावर मारलं तर हा कायदा लागू नाही. उभं पीक ही मालमत्ताच. म्हणजे १९१२ पासूनच दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळ्या खणांत ठेवले गेले. शिकाऱ्यासाठी नीती होती. शेतकऱ्यासाठी सूट होती, नीती नव्हती.

स्वातंत्र्यानंतर याच सुटीतून पीकसंरक्षणाच्या नावानं बंदुका मोठ्या प्रमाणावर दिल्या गेल्या. त्यात जीप आली, झोताचा दिवा आला. रात्री दिव्याच्या झोतात काय दिसतं? चमकणारे दोन डोळे. त्या डोळ्यांवरून मादी की नर, म्हातारा की पाडा, कसं कळणार? नियम कागदावर राहिला आणि तो पाळायला लागणारी नजरच गेली. त्या दोन दशकांत देशभर हरणं झपाट्यानं घटली. १९७२चा कायदा आणि त्यातलं कलम १७ या पार्श्वभूमीवर आले. १९९१ मध्ये दुरुस्ती झाली, परवान्यांची शिकारच बंद झाली, आणि कलम १७ गाळलं गेलं. शिकारच नाही तर शिकारीची नीती कशाला, असा तो तर्क.

पण मारणं पूर्ण थांबलं नव्हतं. कलम ११ राहिलं. एखादा प्राणी माणसाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला, तर अधिकारी लेखी कारण देऊन तो प्राणी किंवा प्राण्यांचा गट मारायची परवानगी देऊ शकतो. पिकांसाठीच्या या परवानगीच्या कलमात वयाचा उल्लेख नाही, मादीचा नाही, दूध पिणाऱ्या पिल्लाचा नाही. हौसेनं मारणाऱ्याला जे कायद्यानं बजावलं होतं, ते गरजेपोटी मारणाऱ्याला कोणी सांगितलंच नाही.

ही उणीव केवढी आहे ते आपल्या जिल्ह्यानं वाघिणीच्या बाबतीत पाहिलं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीच्या जंगलात टी-वन, म्हणजे अवनी, मारली गेली. तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर होते. त्या घरांचं दुःख खरं होतं. तिची दोन बछडी मागं होती, तेही खरं. देशभर जो वाद पेटला तो बराचसा "आई होती, पिल्लं होती" या मुद्द्यावर. रोह्याच्या मादीसाठी असा वाद कोणी घालत नाही.

"मग आजच्या परवानगीत जुना नियम जसाच्या तसा घाला," असं कोणी म्हणेल. तेही जमणार नाही, आणि कारण साधं आहे. हरणांत एक नर अनेक माद्यांना पुरतो. थोडे नर मारले तरी कळपाची वाढ जवळजवळ तेवढीच राहते. पीक वाचवायचं म्हणून नुसते नर टिपले तर जीव जातात आणि नासधूस चालूच राहते. दुसरीकडे फक्त सर्वांत मोठ्या शिंगांचे नर सतत मारले तर काय होतं, हे कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या रानमेंढ्यांवरच्या अभ्यासात २००३ मध्ये दिसलं: पिढ्यांमागून शिंगं लहान होत गेली. उलट अमेरिकेत पेनसिल्व्हेनियानं २००२ मध्ये शिंगांच्या टोकांचा नियम कडक केला, तो तरुण नर वाचावेत म्हणूनच. म्हणजे "कोणता नर?" याला एकच पवित्र उत्तर नाही. तुम्ही कशासाठी मारताय, त्यावर उत्तर ठरतं. भिंतीसाठी असेल तर म्हातारा, चुलीसाठी असेल तर कोवळा, आणि पिकासाठी असेल तर आधी हे सिद्ध करा की मारल्यानं पीक वाचतं.

तुमच्यापैकी अनेकांनी 'पाडस' वाचलं असेल. मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या 'द इयरलिंग' या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. तिथला नर पाडा वर्षाचा होतो, घरच्यांचं कोवळं पीक खातो, आणि मुलाला स्वतःच्या लाडक्या जनावरावर बंदूक धरावी लागते. फ्लोरिडातल्या गरीब शेतकऱ्याची ती गोष्ट मराठी माणसाला इतकी आपली का वाटली? मला वाटतं, त्या घराला दुसरा पर्याय नव्हता आणि तरीही गोष्ट त्या मरणाला किरकोळ मानत नाही, म्हणून.

या इतिहासातून मी एवढंच घेतो. साहेबाच्या नियमाचा हेतू स्वार्थी होता, त्याचा गर्व तर टाकून देण्याजोगाच. पण त्यानं एक सवय मागितली होती आणि फासेपारध्यानंही तीच पाळली होती: जीव घेण्याआधी समोर कोण आहे ते बघ. आज शेताच्या कुंपणात वीज सोडली जाते. त्या तारेला डोळे नाहीत. रोही, पाडस, वाघ, कधी शेजारचा माणूस, तिला सगळे सारखे. टिपेश्वरच्या भोवतालच्या शेतकऱ्याला नीतीचे धडे द्यायला मी आलेलो नाही. रात्रभर जागल करून सकाळी तुडवलेलं शेत बघणाऱ्याला ते ऐकवणं हा उद्धटपणा होईल. त्याला भरपाई वेळेवर आणि पूर्ण मिळाली पाहिजे, कुंपणाला मदत मिळाली पाहिजे, म्हणजे तार सोडायची पाळी येणार नाही. आणि सरकार जेव्हा मारायची परवानगी देईल, तेव्हा त्या कागदावर कोणतं जनावर, कोणत्या वयाचं, पिल्लं सोबत असतील तर काय करायचं, दिवसा की रात्री, हे लिहिलेलं असलं पाहिजे. १९७२ मध्ये हौशी माणसाकडून आपण एवढी अपेक्षा केली होती. सरकारी परवानगीकडून तरी त्याहून कमी करू नये.